छाटणीचा आठवडा

"ही मला आज तळून काढणार," डॅड शेजारच्या माणसाला सांगत होते. "सकाळपासून तीनदा चोपडलंय. आता नुसतं पीठ लावायचं बाकी आहे."

मी तिथंच होते, त्यांच्या खांद्याला खांदा लावून, उन्हाच्या मलमाची ट्यूब हातात धरून.

"मला ऐकू येतंय, डॅड."

"ऐकू यावं म्हणूनच बोलतोय."

शेजारचा माणूस हसला. लालबुंद मानेचा, पन्नाशीचा, टोपीवर कुठल्याशा धान्याच्या कोठारांच्या कंपनीचं नाव. "माझी बायकोही अशीच आहे, सर. आता लिंबाचं सरबत आणायला गेलीय. तासभर तरी येत नाही." मग त्याने आपणहून सांगितलं की तो क्लेटन, नेब्रास्काचा, आणि त्याचा मुलगा ब्रेडी आज पिचिंग करणार आहे. "कधी ते सांगितलेलं नाही. पण आज नक्की."

डॅडनी लगेच मांडीवरचं स्कोअरकार्ड त्याच्याकडे वळवलं. "नंबर?"

"चौऱ्याऐंशी."

"हं," डॅड म्हणाले, आणि कोपऱ्यात आकडा लिहून घेतला. सत्तरच्या पुढचा नंबर म्हणजे काय, ते आमच्या रांगेत कुणी कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

आम्ही विस्कॉन्सिनचे. आमच्या दारात गुडघाभर बर्फ असतो तेव्हा आमचा बेसबॉलचा संघ, मॅलर्ड्स, अ‍ॅरिझोनात सरावाला उतरतो, आणि त्याच्या मागोमाग आम्ही. पूर्ण मार्च महिना सामने होतात आणि त्यातला एकही हिशोबात धरला जात नाही. बरोबरीत सुटला तरी सगळे पँट झटकून घरी जातात. नावाजलेले खेळाडू तीन डाव खेळतात आणि गोल्फच्या पिशव्या उचलून निघतात. मग मैदानात येतात ते ज्यांच्या पाठीवर नावसुद्धा शिवलेलं नसतं, नुसता मोठा आकडा असतो. त्या वेळी लोक गाड्या काढायला उठतात. डॅड त्या वेळी पेन्सिलीला टोक काढतात.

कारण ज्या सामन्याला कुणी विचारत नाही, तोच त्या पोरांचा एकमेव सामना असतो. दर दोन-चार दिवसांनी सकाळी काही खेळाडूंची कपाटं रिकामी झालेली असतात. शेवटच्या आठवड्यात तर यादीच लागते. कोण राहिला, कोण खालच्या संघात गेला, कोणाला घरी जा म्हणून सांगितलं. आम्ही त्याला छाटणीचा आठवडा म्हणतो. हा तोच आठवडा होता.

माझ्या दुसऱ्या बाजूला माझा धाकटा भाऊ बसला होता, लाइल. टूसॉनहून दोन तास गाडी हाकत आला होता. तो तिथं पोहण्याचे तलाव खोदतो आणि बांधतो. सव्वीस वर्षांत त्याने कुठल्याच बेसबॉल मैदानात पाय ठेवला नव्हता. आम्ही दर मार्चला त्याच्यापासून दोन तासांच्या अंतरावर येऊन राहायचो आणि तो दर मार्चला कामात असायचा. या वेळी मी फोनवर खरं ते सांगितलं, की डॅडच्या हृदयाकडे बघून डॉक्टर म्हणालेत, इतका लांबचा विमानप्रवास आता पुन्हा नको. मग त्याने विचारलं, "कुठल्या दिवशी?"

फाटकापाशी डॅडनी हात पुढे केला. लाइलचा उजवा हात पुढे आला, पण पूर्ण आला नाही. तो पूर्ण सरळ होतच नाही. डॅडनी तो हातात घेतला आणि त्याच्या डोक्यावरून पलीकडच्या डोंगराकडे बघत म्हणाले, "ट्रॅफिक होतं का?"

जागेवर बसताना मधली खुर्ची मला मिळाली. का, ते मला माहीत होतं.

"त्याला विचार, ट्रकला किती मैल झाले."

"डॅड, तो दोन फुटांवर आहे."

"दोन लाख दहा हजार," लाइल मैदानाकडे बघत म्हणाला.

"तेल वेळच्या वेळी बदलतो का विचार."

"सांग त्यांना, बदलतो."

मी अशी मधोमध, टपालखात्यासारखी. तिसऱ्या डावापर्यंत ट्रक संपला, टूसॉनचा पाऊस संपला, आमच्या गॅरेजचं अडकणारं दारही संपलं. मग दोघांनी शेंगदाणे सोलायला घेतले. डॅड टरफलं पायाशी टाकत होते, लाइल खिशात भरत होता.

आता ती गोष्ट सांगते. आमच्या घरात ती एकाच प्रकारे सांगितली जाते: लाइलचं कोपर एका चेंडूत गेलं. आधी काही नव्हतं, एक चेंडू टाकला आणि गेलं. आईने शेजारणींना असं सांगितलं, चर्चमध्ये असंच सांगितलं. लाइलनेच पहिल्यांदा तसं म्हटलं होतं, दवाखान्यात, आई समोर उभी असताना. आई सहा वर्षांपूर्वी गेली, ती हीच गोष्ट घेऊन गेली.

तेव्हा लाइल बावीसचा होता, याच संघाच्या कॅम्पमध्ये, पाठीवर एकोणऐंशी. त्या वर्षी आम्ही सगळे एका स्वस्त मोटेलमध्ये उतरलो होतो. भिंती पुठ्ठ्याच्या होत्या म्हणा ना. मंगळवारी सकाळी मी कॉफी ओतत होते, आई आंघोळीला गेली होती, आणि पलीकडच्या खोलीतलं बोलणं मला कपातल्या चमच्याच्या आवाजाइतकं स्पष्ट ऐकू आलं.

"डॅड, कोपर दुखतंय. नेहमीसारखं नाही. दात घासताना पण कळ येते."

"कुणाला बोललास?"

"नाही."

"मग नको बोलूस. शनिवारी छाटणी आहे. दुखतं म्हणालास की तुझं नाव पहिलं. चार दिवस दात आवळ."

गुरुवारी त्याला सातव्या डावात उतरवलं. अकराव्या चेंडूला त्याचा हात खाली आलाच नाही, तसाच वर अर्ध्यात राहिला, कुणाला तरी हाक मारत असल्यासारखा. दोन शस्त्रक्रिया झाल्या. आणि तो सामना, अर्थातच, कुठंही धरला गेला नाही.

डॅडना दोष देणं मला फार सोपं गेलं असतं, पण त्या गुरुवारी त्याला मैदानावर गाडीने सोडलं होतं मी. दरवाजा त्याने डाव्या हाताने उघडला. मी पाहिलं. "बरा आहेस ना?" मी विचारलं. "हो," तो म्हणाला. मी ते 'हो' हातात मिळालेल्या सुट्टीसारखं घेतलं आणि गाडी लावायला निघून गेले. माझ्या गळ्यात खेळाडूंच्या कुटुंबीयांना देतात तो बिल्ला होता. तो घालून मी सरबताच्या रांगेतसुद्धा जरा छाती काढून उभी राहायचे. तो बिल्ला शनिवारनंतरही गळ्यात राहावा असं मला वाटत होतं. दुखापती बघणाऱ्या ट्रेनरची खोली फाटकापासून वीस पावलांवर होती.

तर आम्हा तिघांनाही माहीत होतं. आणि तिघांपैकी प्रत्येकाला हेही माहीत होतं की बाकीच्या दोघांना माहीत आहे. इतकी वर्षं आम्ही त्या गोष्टीभोवती टायर, हवामान आणि गॅरेजचं दार रचत आलो. आईच्या अंत्यविधीला बापलेक कबरीपाशी उभे राहून हिवाळी टायर कुठल्या महिन्यात चढवावेत यावर बोलले. मी ऐकत होते. दोघांचंही ऑक्टोबरवर एकमत झालं.

सहाव्या डावात लाउडस्पीकरवर चौऱ्याऐंशी नंबर पुकारला.

"आला!" क्लेटन अर्धा उभा राहिला आणि लगेच बसला. उंच, कानांवर ऊन लागलेला मुलगा संथपणे मधल्या उंचवट्याकडे चालत गेला. क्लेटनच्या बायकोचा अजून पत्ता नव्हता.

"ती येणार नाही," क्लेटन म्हणाला. "तो टाकायला लागला की ही बायकांच्या टॉयलेटमध्ये जाऊन उभी राहते. लोकांचा ओरडा ऐकून स्कोअर ओळखते."

"आर्डिसचं तसंच होतं," डॅड म्हणाले. त्यांनी आईचं नाव लाइलसमोर उच्चारलं याचंच मला नवल वाटलं.

पहिला बॅटर तीन चेंडूंत बाद झाला. चेंडू कॅचरच्या हातमोज्यात येऊन आदळल्याचा आवाज आमच्यापर्यंत स्वच्छ येत होता. क्लेटनने मांडीवर थाप मारली. डॅडनी कार्डावर खूण केली. दुसरा बॅटर चालत पहिल्या तळावर गेला, म्हणजे चार चेंडू बाहेर. डॅडनी ती खूण केली नाही. ते डोळे बारीक करून बघत होते.

"नोरीन," ते मला म्हणाले, "टाकताना याचा हात किती खाली आलाय बघ."

मला काही दिसलं नाही. पण माझ्या उजवीकडे लाइलने शेंगदाणे सोलायचं थांबवलं होतं. त्यालाही दिसलं होतं. चेंडू टाकून झाल्यावर तो मुलगा हात मांडीला लावून उगाच पँट पुसत होता, प्रत्येक चेंडूनंतर, आणि बोटं उघडझाप करत होता.

"दमलाय जरा," क्लेटन म्हणाला. मग डॅडकडे झुकून त्याने आवाज खाली आणला, माझ्या कानापर्यंत येईल इतकाच. "तुम्ही जाणकार दिसता, सर, म्हणून सांगतो. गेल्या रविवारपासून कोपराला जरा ठणका आहे. आतल्या बाजूला. ट्रेनरला बोललेला नाही. मीच म्हटलं, पोरा, शनिवारपर्यंत ओढ. इथवर येऊन कुणी दुखतंय म्हणतं का?"

तो हसला. चांगला माणूस होता. त्याच्या हसण्यात मुलाबद्दल नुसता अभिमान भरला होता, दुसरं काही नव्हतं, आणि मला ते बघवेना.

ही माझी वेळ होती. अगदी नीट समोर आली होती. मी तोंड उघडलं.

"शेंगदाणे घेता का?" मी क्लेटनला विचारलं.

त्याने मूठभर घेतले. थँक्यू म्हणाला.

खाली चौऱ्याऐंशीने अजून एक चेंडू टाकला. तो बॅटरच्या पायाशी जमिनीवर आपटला. मुलाने पाठ आमच्याकडे करून खांदा गोल फिरवला. लाइल उठला. मला वाटलं निघाला, आता परत सव्वीस वर्षं. पण तो नुसताच उभा राहिला, मागच्या रांगेतल्या बाईने "ओ मिस्टर, आम्हाला काय दिसायचं?" म्हटलं तरी. त्याचा डावा हात उजव्या कोपराखाली होता. आपण तसं धरलंय हे त्याला माहीत नसावं.

"बसतोस का?" मी त्याची बाही ओढली.

"त्याला थांबायला सांग," तो म्हणाला. मला नाही, कुणालाच नाही. "कुणीतरी सांगा त्याला."

"काय झालं?" क्लेटनने वर बघितलं.

डॅड हळूच म्हणाले, "क्लेटन, जा. रेलिंगपाशी जाऊन ट्रेनरला हाक मार. मुलाचं कोपर दुखतंय म्हण."

"सर?"

"आत्ता. पुढचा चेंडू टाकायच्या आत."

क्लेटनचं हसू तोंडावरच राहिलं. "अहो, चार दिवसांवर यादी आलीय. आता मी जाऊन तसं बोललो तर त्याचं नाव कापलंच म्हणून समजा. तो मला जन्मात माफ करणार नाही."

"करेल."

"तुम्हाला काय माहीत, सर? माफ करा, पण तुमचा कुणी इथं उतरला नसेल कधी. बाहेरून बोलणं सोपं असतं."

मला वाटलं, झालं, आता डॅड तेलाचं काढतील, नाहीतर वाऱ्याचं. मी त्यांच्या मांडीवर हात ठेवला, काय सांगायला ते मलाही ठाऊक नव्हतं, गप्प राहा की बोला. त्यांनी माझा हात उचलून बाजूला ठेवला, नीट, एखादी वस्तू ठेवावी तसा, आणि खुर्चीत वळले. क्लेटनकडे नाही. माझ्यावरून, माझ्या पलीकडे, उभ्या असलेल्या लाइलकडे. इतक्या वर्षांत मी त्यांना त्या हाताकडे बघताना पहिल्यांदा पाहिलं.

"हा माझा मुलगा," ते क्लेटनला म्हणाले, पण डोळे लाइलवरून हलवले नाहीत. "इथंच उतरला होता. एकोणऐंशी नंबर. एका चेंडूत वगैरे काही गेलं नाही त्याचं. मंगळवारी सकाळी तो माझ्याकडे आला, कोपर दुखतंय म्हणाला, आणि मी त्याला गप्प बसायला सांगितलं. त्याचा हात मी घालवला."