कोमट पाण्याची जागा

ड्रायव्हरच्या डोळ्यांवरचा गॉगल तिने मागच्या सीटवरून हात लांबवून सरळ काढून घेतला. जीप चढावर दम खायला थांबली होती, इंजिन घरघरत होतं, आणि तो बिचारा एका हाताने ब्रेक धरून "अहो काकू, काकू" करत राहिला.

"सकाळपासून बघतेय मी. हा डावीकडे घसरतोय आणि तुम्ही घटकाघटकाला नाक वर करताय. लक्ष रस्त्यावर का गॉगलवर?"

"फुटपाथवरचा आहे हो, काकू. त्याचे एवढे लाड नकोत."

"घेतला फुटपाथवर, पण बसलाय माणसाच्या कानावर ना?" तिने गॉगलची काडी गुडघ्यावर धरून अंगठ्याने हलकेच दाबली. "देवाने कुणालाच दोन्ही कान एका रेषेत दिलेले नाहीत. तुमचा डावा खाली आहे."

"बायको म्हणते, डोकंच तिरकं आहे."

"तेही असेल. ते काम आमच्या दुकानात होत नाही."

ड्रायव्हर खो खो हसला. तिच्या शेजारी बसलेला चष्मेवालाही हसला, पण जरा उशिरा. बायकोला असं बोलताना ऐकून खरं तर त्याला बरं वाटायला हवं होतं. पण आज, या वाटेवर, ती थट्टा करत होती, आणि तेच त्याला खटकत होतं.

दुकानात कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली होती. भिंग त्याचं, माणूस तिचं. तो आतल्या खोलीत चाकाशी बसून काचा घासायचा, फ्रेममध्ये बसवायचा, आणि पडद्याआडून नुसता हात बाहेर काढून चष्मा द्यायचा. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून बोलायचं म्हटलं की त्याच्या जिभेला गाठ पडे. बाहेरचं सगळं ती बघे. चष्मा चढवायचा, दोन पावलं मागे सरून पाहायचं, उतरवायचा, तापलेल्या वाळूच्या भांड्यात काडीचं टोक खुपसायचं, मऊ झालं की वाकवायचं, पुन्हा चढवायचा. माणसं तिच्या हातात कान देऊन निमूट बसत. काही तर नुसती गप्पा मारायला येत आणि जाताना उगाच म्हणत, "जरा सैल झालाय बघा."

त्यांच्या एकुलत्या एका मुलाला शाळेत जाऊ लागल्या लागल्याच चष्मा लागला, तेव्हा सगळी गल्ली हसली होती. चष्मेवाल्याच्या घरी ढापण्या! आणि तीच सगळ्यांच्या वर मोठ्याने म्हणाली होती, "माल खपत नव्हता, म्हणून घरातच गिऱ्हाईक तयार केलं." नाव पडलं ते पडलंच. पुढे तो बापापेक्षा हातभर उंच झाला, नोकरीला लागला, तरी घरात ढापण्याच राहिला.

या ढापण्याला आडवाटेचे गरम पाण्याचे झरे शोधायचा नाद होता. जिथे तिकीट लागतं आणि टॉवेल भाड्याने मिळतो तिथे तो जायचा नाही. चार वर्षांपूर्वी तो दोन मित्रांबरोबर या जळक्या मुलखात आला आणि परत गेला नाही. तिचा पाय तेव्हा प्लास्टरमध्ये होता. चष्मेवाला एकटाच आला, सगळं इथेच उरकलं, आणि एक पिशवी घेऊन घरी गेला. दारात पाऊल ठेवल्या ठेवल्या, तिने काही विचारायच्या आधीच, तो म्हणाला होता,

"कोमट पाणी होतं. दमून बसला होता. डोळा लागला त्याचा. झोपेतच गेला."

"त्रास?"

"नाही. त्याला काही कळलंच नाही."

एवढी चार वाक्यं त्याने प्रवासभर घोकली होती. चष्मा उद्या नक्की मिळेल, याच्यापलीकडे जन्मात कधी खोटं बोलायची वेळ आली नव्हती त्याच्यावर. ती त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि मग म्हणाली, "हातपाय धुवून घ्या." त्यानंतर तिने पुन्हा कधी काही विचारलं नाही.

खरं होतं ते असं. इथल्या जमिनीवर साय धरावी तसा पापुद्रा धरतो. वरून दगडासारखा दिसतो, खाली पाणी उकळत असतं. झऱ्याच्या काठी ढापण्याच्या पायाखालचा पापुद्रा फुटला. त्याला ओढायला धावलेल्या मित्राचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. ओळख पटवायची म्हणून चष्मेवाल्याने चादर उचलायला लावली. नका बघू, असं तिथल्या माणसाने दोनदा सांगितलं होतं. त्याने पाहिलं.

चष्मा नंतर लांब दांड्याच्या जाळीने वर काढला गेला. काड्या सरळ होऊन लोंबत होत्या, वर पांढुरकी साल धरली होती, काचांवर बारीक भेगांचं जाळं. तो घेऊन चष्मेवाला घरी न जाता आधी दुकानात गेला. भर दुपारी शटर अर्धं ओढून घेऊन चाकाशी बसला. त्याच नंबरच्या नव्या काचा घासल्या. साल काढून प्लास्टिकला पॉलिश केलं. जे काम कधी केलं नव्हतं तेही केलं. काड्या वाळूत तापवून मऊ केल्या, पट्टी लावून वाकवल्या. दोन्ही तंतोतंत सारख्या. एवढं चोख काम त्याच्या हातून आयुष्यात झालं नव्हतं. मग तो चष्मा त्याने पिशवीत कपड्यांच्या घडीत ठेवला. तिने पिशवी उघडली, चष्मा पदराने पुसला, हातात धरून बसली, आणि डबीत घालून आपल्या पर्समध्ये ठेवून दिला. तेव्हापासून तो तिथेच होता.

"गुडघे चालतायत तोवर एकदा ते पाणी बघायचंय मला," असं ती दोन वर्षं म्हणत होती. रस्ता वाईट, थंडी फार, दुकान कुणावर टाकायचं, असं करत त्याने दिवस ढकलले. या वेळी तिने तिकिटंच आणून पुढ्यात टाकली. मग त्याने दुकानाच्या आतल्या खोलीतून या ड्रायव्हरला फोन लावला. चार वर्षांपूर्वी, मुलगा गेला तेव्हा, यानेच चष्मेवाल्याला इथे आणलं होतं.

"दुसरीकडे न्यायचं," तो हळू आवाजात म्हणाला होता. "अंघोळीच्या पाण्यासारखं कुठे असेल तर."

"खालच्या अंगाला एक डबकं आहे, काका. पण तिथे बघायला काही नाही. कुणी जात नाही."

"तेच बघायचंय," चष्मेवाला म्हणाला होता.

जीप थांबली तिथून पुढे पायवाट होती. काळी भुसभुशीत खडी, पायाखाली करकरणारी. झाड म्हणून नव्हतं. हवेत आगपेटी नुकतीच ओढावी तसा गंधकाचा वास. डाव्या हाताच्या टेकाडामागून वाफेचा एक जाड पांढरा लोट वर चढत होता आणि वाऱ्याने मोडत होता. चष्मेवाला मुद्दाम तिच्या डाव्या बाजूने चालत राहिला, जणू त्याच्या खांद्याने तो लोट झाकणार होता.

डबकं खोलगट जागी होतं. दुधाळ निळसर पाणी, काठाला शेवाळ, एका बाजूला बसण्याजोगा सपाट दगड.

"इथेच?" तिने विचारलं.

"इथेच."

गुडघ्यावर हात टेकत ती खाली बसली, बाही वर सारली आणि कोपर पाण्यात बुडवलं. चष्मेवाल्याने मान फिरवली. ढापण्या तान्हा असताना बादलीत ती असंच कोपर बुडवून बघायची. हाताला कळत नाही, कोपराला कळतं, म्हणायची.

"बाळाला घालावं असं आहे," ती म्हणाली.

"म्हटलं होतं ना."

"कुठे बसला होता?"

याचं उत्तर त्याने घोकलेलं नव्हतं. "त्या... त्या दगडाशी."

ती दगडावर जाऊन बसली, चपला काढल्या आणि पाय पाण्यात सोडले. ड्रायव्हर लांब उभा राहून वाकून वाकून खडे उचलत होता आणि टाकत होता. वारा पडला की टेकाडामागून घुसमटलेला आवाज येई, झाकण ठेवलेल्या पातेल्यासारखा. चष्मेवाला मोठ्याने खोकला.

"झोप येईल असंच पाणी आहे," थोड्या वेळाने ती म्हणाली. "चष्मा काढून बसला असेल?"

"हो. काठावर ठेवला होता."

"चष्म्याशिवाय त्याला हातावरची माशी दिसायची नाही."

"डोळे मिटून बसायचं तर चष्मा कशाला?"

"हो, तेही खरं." ती पाण्यात पाय हलवत राहिली. "म्हणजे पाण्यात पडला नव्हता."

"नाही. कोरडा होता. काठावर, कोरडा."

"बरं," ती म्हणाली.

त्या एका शब्दाने चष्मेवाल्याचे खांदे खाली आले. संपलं, असं त्याला वाटलं. आता ती कधी विचारणार नाही. आपण गेल्यावर कुणी सांगणारही नाही. त्याने खाली बसून टॉवेलने तिचे पाय पुसले, बोटांच्या बेचक्यांतूनही, आणि तिने ते पुसू दिले. उठताना तिने त्याच्या डोक्यावर हाताचा भार टाकला आणि गरजेपेक्षा क्षणभर जास्तच ठेवला.

परतीला ड्रायव्हर घाई करत होता. जीप वळून टेकाडाशी आली तेव्हा तो उगाच डावीकडे बघत शीळ घालायला लागला.

"तिकडे घ्या," ती म्हणाली. "त्या वाफेकडे."

शीळ थांबली. ड्रायव्हरने आरशातून मागे चष्मेवाल्याकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे नका बघू. गॉगल मी नीट केलाय तुमचा."

"काकू, तिकडे रस्ता बरा नाही. आणि ती जागा... बघण्यासारखी नाही ती."

"मी सगळा खर्च करून, गुडघे घेऊन आलेय. बघण्यासारखं काय नि काय नाही, ते मी ठरवते."

चष्मेवाल्याने तोंड उघडलं. जिभेला गाठ पडली होती. जीप उजवीकडे वळली.

जागेला आता दोरी बांधली होती. खांबांवर धोक्याच्या पाट्या होत्या, एक वाकून जमिनीला टेकलेली. दोरीच्या पलीकडे पिवळट पापुद्र्याची जमीन आणि तिच्या मधोमध, वाफेतून दिसे न दिसेसं, खदखदणारं पाणी. बुडबुडे येत नव्हते. पाणी आतूनच उचलून येत होतं आणि परत खाली पडत होतं. इथून आवाज पातेल्यासारखा नव्हता.

"पुढे जाऊ नकोस," चष्मेवाला म्हणाला. "पायाखालची जमीन..." आणि तो थांबला.

"नाही जात," ती म्हणाली.

दोरीच्या अलीकडे, दगडी वाटेला लागून, झऱ्याचा एक बारीक ओघळ वाहत येत होता. त्यातूनही वाफ येत होती. ती हळूहळू ओघळाशी उकिडवी बसली. इथे तिने कोपर बुडवून पाहिलं नाही. पर्समधून डबी काढली, डबीतून चष्मा. उजवी काडी उघडली, बोटं लांब ठेवून तिचं टोक ओघळात धरलं, आणि वाट बघत बसली. तिचे ओठ हलत होते. दुकानात वाळूच्या भांड्याशी उभी असताना ते असेच हलायचे. किती वेळ, ते तिलाच माहीत असायचं.

मग तिने काडी वर काढली, थेंब झटकले आणि अंगठा टेकवून टोक जरासं वर वळवलं. हात लांब करून चष्मा हवेत धरला, आपल्या डोक्याच्याही वर, उंच माणसाचा चेहरा असतो तिथे. मान कलती करून चष्म्याकडे पाहिलं. पसंत पडलं नाही. पुन्हा बुडवला, पुन्हा थोडं वळवलं, पुन्हा वर धरला. या वेळी ती बराच वेळ तशीच बघत राहिली. चष्म्याच्या दोन्ही काचांतून नुसती वाफ दिसत होती.

"उजवा कान वर होता त्याचा," ती म्हणाली. "लहानपणापासून ही काडी मी वर वळवून द्यायचे. तुमच्या कधी लक्षातच आलं नाही."

चष्मेवाल्याच्या डोळ्यांपुढे दुकानातली ती दुपार होती, अर्धं शटर, पट्टी, आणि त्या दोन काड्या, तंतोतंत सारख्या. पिशवी उघडून चष्मा हातात धरून बसलेली ती होती. आणि त्यानंतरची चार वर्षं, जेवायला वाढताना, दिवा मालवताना, पडद्याआडून आलेल्या त्याच्या हातातून चष्मे घेताना.

"हात द्या," ती म्हणाली. "गुडघे धरलेत."

त्याने हात दिला. ती उठली आणि चष्मा त्याच्यापुढे केला.

"काचा पुसा."

चष्मा अजून गरम होता. त्याने खिशातून दुकानातलं पिवळं फडकं काढलं आणि मान खाली घालून आधी एक काच पुसली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली.