ताटात चार डोळे

मी संत लुसीची मूर्ती बोलतेय. प्रत्यक्ष ती नव्हे हो. वीतभर उंचीची, प्लॅस्टरची, नाकाचा शेंडा उडालेली. एका हातात खजुराची झावळी, दुसऱ्या हातात ताट आणि ताटात दोन डोळे. इतकी वर्षं ते धरून हात भरून आलाय, पण खाली ठेवू कुठे?

वसईत एका साच्यातून माझा जन्म झाला. रेजिना डाबरे नावाच्या नर्सनं मला शारजात आणलं आणि कॅनडाला जाताना तिथल्याच अल नहदा भागातल्या शेजारणीच्या, अनुराधाच्या हवाली केलं. पुण्याच्या अनुराधानं ताट पाहून हातच जोडले. "अगंबाई, देवीला डोळे वाहिलेत कुणीतरी! आमच्याकडेही नवसाचे चांदीचे डोळे वाहतात."

"वाहिलेले नाहीत गं, तिचेच आहेत!" रेजिना हसून हसून दमली. मग तिनं गोष्ट सांगितली. सतराशे वर्षांपूर्वीची सिसिली बेटावरची पोर. रोमच्या अधिकाऱ्यानं बजावलं, ख्रिस्ताला सोड, आमच्या देवांना बळी दे, सुटशील. ती नाही म्हणाली. फरपटत न्यायला शिपाई आले, बैल जुंपले. पोर जागची हलली नाही, असं सांगतात. शेवटी तलवार. तिचे डोळे काढले, ही गोष्ट लोकांनी मागाहून जोडली.

"आम्ही तिला रक्तसाक्षी म्हणतो," रेजिना म्हणाली.

"म्हणजे हुतात्माच ना?"

"तेच. पण आमच्या शब्दात साक्ष आहे. खरं ते बोलायचं, मग काय वाट्टेल ते होवो."

अनुराधानं मला गणपतीशेजारी जागा दिली. रोज हळदकुंकू. तिची मुलगी अवनी वैतागायची, "आई, शी इज अ सेंट, नॉट अ देवी!"

"असू दे. कपाळ मोकळं बरं दिसत नाही."

अनुराधा आणि तिचा नवरा प्रकाश उम्म अल कुवैनच्या एकाच कारखान्यात होते. तो सेल्समध्ये, ती स्टोअर सांभाळायची. दोन हजार दोन साली तिथं ग्राइंडिंग करताना याकूब नावाच्या कामगाराच्या डोळ्यात लोखंडाची किरच घुसली. स्टोअरमधले गॉगल कधीच संपले होते. मॅनेजरकडे मागून मागून अनुराधाचं तोंड दुखलं होतं. आता मॅनेजर म्हणत होता, चौकशीला सरकारी माणूस येईल त्याला सांगा, गॉगल दिला होता, यानंच घातला नाही.

अनुराधा माझ्यापुढं बसली. "याकूबचा डोळा वाचू दे, तुला चांदीचे वाहीन."

मी काय वाचवणार? मला माझं नाक वाचवता आलं नाही. याकूबचा डोळा गेला.

चौकशीच्या सकाळी प्रकाश बुटाची लेस बांधत म्हणाला, "अनु, दोघांचेही व्हिसा कंपनीचे आहेत. एक सेंटेन्स बोलायचं, खलास. अवनीचं स्कूल इयर तरी कम्प्लीट होऊ दे."

"आणि याकूब?"

"त्याचा डोळा परत येणारे का आता?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तोंडाकडे नाही, पायांकडे. मग म्हणाली, "मी हलणार नाही, प्रकाश. गॉगल नव्हते, हेच सांगणार."

प्रकाशनं दुसऱ्या बुटाची लेस बांधलीच नाही. तशीच गाडीची किल्ली उचलली. "यल्ला, चल. उशीर नको."

तिनं खरं सांगितलं. याकूबला भरपाई मिळाली आणि या दोघांचे व्हिसा रद्द झाले. निघण्याआधी तिनं बर दुबईच्या बाजारातून चांदीचे डोळे आणून माझ्या ताटात ठेवले.

"डोळा वाचला नाही, मग नवस कसला?" प्रकाशनं विचारलं.

"नवस नाही. त्या दिवशी माझी वाचा बसली नाही, त्याचे आहेत."

सामानाची खोकी खाली उतरवायला याकूब आला होता. उरलेल्या डोळ्यानं त्यानं माझं ताट न्याहाळलं आणि हसला. "मॅडम, इसके पास तो चार हैं. एक इधर दे दो ना."

अनुराधा हसायला गेली आणि रडली. मी केवढा जोर लावला! ताट तसूभरही पुढं सरकेना. बैलांनाही न हललेल्या पोरीची मी मूर्ती. जन्मात एकदाच हलावंसं वाटलं आणि हलता आलं नाही.

आता पुण्यात आहे. अजून उभीच. दमलेय फार. पूजा नको, कुंकू नको. तुमच्यापैकी कुणी तिकडं जाणार असाल, तर यातला एक डोळा याकूबला तेवढा नेऊन द्या.