शेषरावांचं लाल पाणी

पौर्णिमा मालेगावच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवायची आणि उरलेल्या वेळात पीएच.डी.चं काम करायची. तिचा प्रयोग असा: रंगाने खराब झालेल्या पाण्यात चिमूटभर झिंक ऑक्साइड टाकायचं, वरून अतिनील दिवा लावायचा आणि त्याच वेळी पाण्याला अल्ट्रासाउंडचे हादरे द्यायचे. प्रकाशाने पावडर जागी होते आणि रंग फोडते. हादऱ्यांनी ते काम लवकर होतं. विकतचा रंग शुद्ध पाण्यात कालवला की दीड तासात नाहीसा व्हायचा. खऱ्या पाण्यातला जात नव्हता.

खरं पाणी कामरगावच्या शेषरावांकडचं. ते सुती कापड रंगवायचे आणि उरलेलं लाल पाणी घरामागच्या नाल्यात सोडायचे. महिन्यातून दोनदा पौर्णिमा कारंज्याला गाडी बदलून तिथं जायची, पाच लिटरची कॅन भरायची आणि मांडीवर धरून परतायची. असे सात महिने गेले. पावडर बदलून झाली, प्रमाण बदलून झालं. पाणी लालच.

आठव्या महिन्यात एका दुपारी, साडेचार तासांनी, ते नितळ झालं. ती आनंदून उठलीसुद्धा नाही. स्टुलावर बसून नुसती बघत राहिली.

तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, "झालं की! लिहायला घ्या."

"आधी मूग भिजवून बघते," ती म्हणाली.

तिने वीस दाणे नळाच्या पाण्यात भिजवले, वीस या पाण्यात. तिसऱ्या दिवशी नळाच्या पाण्यातल्या सगळ्यांना मोड आले होते. दुसऱ्या बशीत एकालाही नाही.

पुढच्या खेपेला ती त्याच नितळ पाण्याची बाटली घेऊनच कामरगावला गेली. शेषरावांनी बाटली उन्हात धरली, मग घरात बायकोला हाक मारली, "अवं गोमती, पाह्य इकडं! आपलं पाणी हाये हे!" आणि पौर्णिमाकडे वळून म्हणाले, "आता हे वांग्याच्या वाफ्यात सोडतो, पोरी."

"नका सोडू, काका. मूगसुद्दा उगवले नाहीत याच्यात."

"काहून? रंग तं गेला."

"रंग गेला, पन रंगवताना तुमी टाकता ते मीठ तसंच हाये. प्रकाशानं मीठ जात नाही. आन् मिठापायीच रंग जायले इतका वेळ लागते. किती टाकता तुमी?"

 शेषरावांनी हातांची ओंजळ करून दाखवली. "माहा बाप असंच टाके. चार-पाच ओंजळी. रंग पक्का बसला पाह्यजे ना. मोजलं कोनं?"

"अर्धंच टाकून पाह्यता का?"

"कापड फिकं पडलं तं गिऱ्हाईक मले बोलन, तुले नाही."

गोमतीबाई दारातून म्हणाल्या, "एक नेसायचं पातळ टाकून पाहा. माहंच टाका."

पातळ रंगवून, धुऊन, वाळत घातलं. ते सुकेपर्यंत पौर्णिमा भिंतीला टेकून बसली आणि तिला झोप लागली. जागी झाली तेव्हा शेषराव पातळाचा पदर ओल्या बोटांनी चोळत होते. बोटं लाल झाली नव्हती. "बसला लेकाचा," ते पुटपुटले.

ते कमी मिठाचं पाणी प्रयोगशाळेत तीन तासांत नितळ झालं. वीसपैकी अकरा दाण्यांना मोड आले, तेही आखूड. तिने फोन करून सांगितलं.

"मंग नाल्यात सोडाव का नाही?" शेषरावांनी विचारलं.

"सध्या तं सोडाच लागन, काका. मले एका बारीले गिलासभरच पानी साफ करता येते. तुमचं दोनशे लिटर निंगते."



"बरं. मीठ आजून कमी करून पाह्यतो," शेषराव म्हणाले.

पौर्णिमाने वहीत अकरा लिहिलं. कोणी खोडू नये म्हणून अक्षरातही लिहिलं. सर विचारणार होते, एकही मोड न आलेला शून्याचा प्रयोग प्रबंधातून गाळायचा का. तिने तो आधीच्या पानावर तसाच ठेवला, दिवा बंद केला आणि तासावर गेली.