इसार देण्याआधीची मालकी

साडूने दुसरी गाडी घेतली आणि साहेबांना इमारत विकत घ्यावीशी वाटू लागली. या दोन गोष्टींचा काय संबंध, असं कुणी विचारलं असतं तर ते निवृत्तीनंतरचं उत्पन्न, जागेचे वाढते भाव वगैरे तासभर बोलले असते. पण थोरलीने त्यांच्याबरोबर अख्खा संसार केला होता. तिला संबंध नीट कळत होता.

साहेब म्हणजे तिचा नवरा. एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला. ‘साहेब’ ही पदवी त्याने स्वतःच लावून घेतली होती आणि कटकट नको म्हणून घरच्यांनी ती चालू ठेवली होती. साडू, म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा, लोकांना गाडी शिकवायचा. साहेब त्याला पाठीमागे ‘ड्रायव्हर’ म्हणत, आणि त्या ड्रायव्हरच्या दारात आता दोन गाड्या उभ्या होत्या.

इमारत बाजाराच्या रस्त्यावर होती. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं. खाली एक न्हावी, एक बेकरीवाला आणि एक कायमचं बंद शटर. वर चार मुलखांतून आलेली माणसं; जिन्यात उभं राहिलं की चार भाषांतली भांडणं ऐकू यायची आणि चारही समजायची. मालकीण म्हातारी, पहिल्या मजल्यावर जिन्याला लागूनच राहायची. पाइप फुटला की धावा, कर भरायला रांगेत उभे राहा, हे आता तिच्याच्याने होत नव्हतं, म्हणून विकायला काढली होती. अट एकच : मरेपर्यंत आपल्या दोन खोल्यांत राहणार.

“अहो, राहा की! आम्हाला आईसारख्या तुम्ही,” साहेब तोंडभर हसून म्हणाले. आणि जिना उतरताना थोरलीच्या कानाशी लागले, “वय बघितलंस ना? किती दिवस राहील?”

थोरलीने मागे वळून पाहिलं. म्हातारीचं दार सताड उघडं होतं.

एजंट सांगत होता, “सगळ्या प्रकारची माणसं आहेत साहेब. वस्ती कशी जिवंत आहे!”

“मला हेच हवं होतं,” साहेब म्हणाले आणि पायरीवरच्या कुणाच्या तरी चपला बुटाच्या टोकाने बाजूला सारल्या.

बोलणी तोंडी ठरली. वकिलाकडे कागद तयार व्हायचे होते, इसाराचा एक पैसा दिलेला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच साहेब हात पाठीमागे बांधून ‘आपल्या इमारती’त फिरू लागले. न्हाव्याला बाकडं आत घ्यायला लावलं. बेकरीवाल्याला म्हणाले, तुमचा वास वर जातो. बेकरीवाल्याने आनंदाने विचारलं, “छान येतो ना?” दुसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला त्यांनी बजावलं, की जिन्यात बोलायचं तर हळू आणि समजेल अशा भाषेत. आणि एक दिवस जिन्यात पाटी लागली : ‘कठड्यावर कपडे वाळत घालू नयेत. हुकमावरून, मालक.’

“बाजारात तुरी...” थोरली पुटपुटली.

“काय म्हणालीस?”

“काही नाही. पाटी तिरकी लागलीय.”

तिला मनातून हसू येत होतं. बाहेर सगळ्यांसमोर हसता येत नाही, एवढंच काय ते लग्नाचं बंधन.

एवढं झाल्यावर साडूला इमारत दाखवणं आलंच, नाहीतर घ्यायची कशाला! साहेब भिंती ठोकून मजबुती समजावत होते आणि साडू गायब. सापडला तो न्हाव्याच्या दुकानात, अर्ध्या तोंडाला साबण. न्हावी आणि तो दोघं मिळून मोरीत पाणी का तुंबतं ते वाकून बघत होते. मग वर जाताना त्याने म्हातारीचा सिलिंडर उचलून नेला आणि तिथेच तासभर गप्पा मारत बसला. कामधंदा सोडून भोचकपणा, असं तेव्हा थोरलीलाही वाटलं.

“हे तुमचे कोण?” म्हातारीने साहेबांना विचारलं.

“आमचे साडू,” साहेब म्हणाले. “ड्रायव्हर आहेत.”

इसाराच्या दिवशी साहेब इस्त्रीचे कपडे घालून, वकिलाला आणि थोरलीला घेऊन गेले. चेक म्हातारीसमोर ठेवला. तिने तो बोटाने परत सरकवला.

“नको.”

“बाई, शब्द दिलाय तुम्ही!”

“दिला होता. मग आठ दिवस तुम्हाला मालक झालेलं बघितलं. पुरे झालं.”

“असल्या वस्तीत दुसरं गिऱ्हाईक कोण मिळणार तुम्हाला?”

“तुमच्या साडूंना विचारलंय मी. त्यांचा गावाबाहेर जमिनीचा तुकडा आहे, तो विकतील. बाकीचे हप्त्याने दिले तरी चालतील मला.”

साहेबांनी चेक उचलला, खिशात घातला, परत काढून बघितला आणि परत घातला. थोरलीने पदर तोंडाशी धरला.

घरी पोचते तोच धाकटीचा फोन. ती रडवेली झाली होती. “ताई, आम्ही मागितली नव्हती गं. त्यांनीच बोलावून घेतलं. तू नको म्हणालीस तर नाही घेत.”

आणि तिथे थोरलीचं हसू मावळलं. धाकटी. जिने आपले उतरलेले कपडे आनंदाने घातले, ड्रायव्हरशी लग्न केलं म्हणून जिची आपण चारचौघांत कीव केली, ती आता इमारतीची मालकीण होणार.

“राग कसला? घ्या की,” थोरली म्हणाली. “फक्त भिंती बघून घ्या. मला ओल दिसली.”

ओल कुठेच नव्हती.

“बरं झालं सांगितलंस! तुझ्याशिवाय कोण सांगणार,” धाकटी नाक ओढत म्हणाली.

रविवारी साडू, न्हावी आणि बेकरीवाला मिळून सगळ्या भिंती तपासून आले. संध्याकाळी धाकटीचा परत फोन. “ताई, कुठेच ओल नाही गं! तुझ्या जिवाला घोर लागला असेल, म्हणून आधी तुलाच कळवलं. उद्या इसार देतोय.”

“हो का? छान,” थोरली म्हणाली.

आतल्या खोलीतून साहेब ओरडले, “कुणाचा गं फोन?”

“राँग नंबर,” थोरलीने सांगितलं आणि फोन ठेवला.