पमीचा चेंडू अजून वर आहे

पमी उडी मारून वर गेली ती दुसऱ्या सेटच्या शेवटाला, आणि मध्ये दोन बाजार होऊन गेले तरी ती खाली आलेली नव्हती. नेटच्या वर, उजवा हात मागे खेचलेला, डावा पुढे, गुडघे दुमडलेले, अशी ती हवेत होती. वेणी तेवढी खाली लोंबत होती आणि वारा सुटला की हलायची. चेंडू तिच्याही वर कुठेतरी होता. तो दिसत नव्हता, कारण टीव्हीवर ब्रेक चालू होता.

खाली तिची थोरली बहीण कुंदा उभी होती. कुंदा बोरजाईच्या टीमची लिफ्टर, म्हणजे नेटजवळ चेंडू उचलून देणारी. पमी तो मारणारी, स्मॅशर. आता बोरजाईची रीत अशी, की लिफ्टरने ‘घे’ म्हटलं की स्मॅशरने चेंडूकडे बघायचंसुद्धा नाही, सरळ उडी मारायची. चेंडू हाताशी आणून देणं हे लिफ्टरचं काम. आणि ‘घे’वर उडी मारलेल्या पोरीने चेंडू घेतल्याशिवाय खाली यायचं नाही. बाकीच्या गावांत पोरी आधी चेंडू बघतात, मग उडतात, आणि चुकला तर मुकाट्याने खाली येतात. बोरजाईत असलं चालत नाही. म्हणून तर ही टीम जिल्ह्यात कुणाला ऐकत नव्हती.

चूक कुंदाचीच झाली होती आणि ते तिला पक्कं माहीत होतं. सामन्याआधी टीव्हीवाले उपाध्ये गळ्यात पट्टा अडकवून तिच्याकडे आले होते. तुमची लिफ्ट फार खाली असते, म्हणाले, पडद्यावर चेंडू कुठून आला नि कुठं गेला ते कळतच नाही, जरा उंच टाका, लोकांना बघायला बरं. कुंदाने जन्मात कुणाच्या सांगण्यावरून लिफ्ट बदलली नव्हती. प्रशिक्षकाच्या नाही, नवऱ्याच्या तर नाहीच नाही. पण उपाध्यांचं ऐकलं, कारण टीव्ही गावात आणला होता तो तिनेच.

त्यासाठी तिने काय कमी चपला झिजवल्या? कबड्डीची लीग झाली, पोरं घरोघरी ओळखीची झाली, आणि इकडे पमी राज्याकडून खेळून ढाल घेऊन आली तर एसटीत कंडक्टर विचारतो, हे कशात मिळालं, रांगोळीत का? तेव्हापासून कुंदाच्या डोक्यात एकच. आमचा खेळ टीव्हीवर दिसला पाहिजे. आमची लीग झाली पाहिजे. ती आमदारांकडे गेली, क्रीडा कार्यालयात गेली, तिथून मुंबईला गेली, आणि शेवटी लीग आली. मरीआईच्या देवळामागच्या मैदानावर रंगीत फरशी पडली, खांबाखांबाला कॅमेरे बसले, भोवतीने जाहिरातींच्या चमकत्या पाट्या लागल्या. पहिल्याच सामन्यात दुसऱ्या सेटच्या शेवटच्या गुणाला कुंदाने चेंडू उंच टाकला, ‘घे’ म्हणाली, पमी उडाली, चेंडू कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर गेला, आणि उपाध्यांनी ब्रेक घेतला.

ब्रेकमध्ये चेंडू खाली येत नाही. करारात तसंच होतं.

पहिल्या दिवशी कुंदा शहाण्यासारखी वाट बघत राहिली. ब्रेक म्हणजे किती, पाणी पिऊन होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी तिने उपाध्यांना विचारलं. ते गाडीत बसून चहा पीत होते. त्यांनी तिला नीट समजावून सांगितलं. पमी हवेत आहे म्हणून लोक टीव्हीसमोरून उठत नाहीत. लोक उठत नाहीत म्हणून जाहिराती येतायत. जाहिराती येतायत म्हणून ब्रेक संपत नाही. आणि ब्रेक संपत नाही म्हणून पमी हवेत आहे.

“मग हे संपणार कधी?”

“संपवायचं कशाला, ताई? तुम्हालाच खेळ वाढवायचा होता ना?”

कुंदाने संतापाने गाडीचं दार आपटलं. ती जमदाडे पंचांकडे गेली. जमदाडे नेटशेजारच्या उंच खुर्चीवर शिट्टी तोंडात धरून बसले होते आणि बसून बसून त्यांची दाढी वाढली होती. कुंदा म्हणाली, गुण समोरच्यांना द्या, सामना त्यांना द्या, पण शिट्टी मारा. जमदाडे शिट्टी बाजूला करून म्हणाले, की चेंडू जमिनीला लागलेला नाही, म्हणजे तो जिवंत आहे, आणि चेंडू जिवंत असताना आपण शिट्टी मारली तर पंचगिरी सोडून गुरं राखावी लागतील. मग दुसरा चेंडू द्या, कुंदा म्हणाली, मी परत उचलते, ती मारेल आणि येईल खाली.

“एका खेळात चेंडू एकच,” जमदाडे म्हणाले आणि त्यांनी शिट्टी परत तोंडात धरली.

समोरच्या टीमच्या पोरी केव्हाच घरी गेल्या होत्या. त्यांना जाता येत होतं, त्यांच्यातलं कुणी उडालेलं नव्हतं. बोरजाईच्या बाकीच्या पोरींना उपाध्यांनी स्टुडिओत नेलं. तिथे त्या कोट घालून बसायच्या आणि पमीची उडी कशी चांगली आहे ते सांगायच्या. कुंदालाही बोलावलं होतं. ती गेली नाही. लिफ्टरने चेंडूखालून लांब जायचं नसतं.

जेवण घरून यायचं. आई डबा शेजारणीबरोबर पाठवायची, आणि कुंदा भाकरीचे तुकडे आंबे उतरवायच्या झेल्यात घालून काठीने वर करायची. पमी डाव्या हाताने घ्यायची. उजवा तिने मागेच खेचून धरला होता, न जाणो चेंडू आला तर. आई स्वतः एकदाही मैदानावर आली नाही. कुंदाने निरोप धाडला, की तुझी लेक हवेत आहे, निदान तोंड तरी दाखव. आईचा उलटा निरोप आला, की मी तिकडे यायची आणि तेवढ्यात इकडे टीव्हीवर लागायचं, मग? सगळ्या गल्लीला बोलावून ठेवलंय, पमी दिसल्याशिवाय कुणी उठायचं नाही. पमी दिसत नव्हती. साबण दिसत होता, सिमेंट दिसत होतं, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं दिसत होतं, की आम्ही लगेच परत येत आहोत.

“ताई, खांदा भरून आला गं,” पमी एका दुपारी म्हणाली.

“ये ना मग खाली.”

“हातात काही नाही, तर कशी येऊ?”

कुंदाला रडू आलं, पण पमीला वरून सगळं दिसत होतं, म्हणून तिने ते दाबलं.

मग पाट्या सरकायला लागल्या. सुरुवातीला त्या इतक्या लांब होत्या, की मधून म्हशी जायच्या. एका सकाळी त्या मैदानाच्या रेघेवर आल्या. पुढच्या बाजाराला त्या आणखी आत आल्या आणि सर्व्हिसची जागा त्यांच्याखाली गेली. कुंदाने एक पाटी मागे ढकलून बघितली. पाटी गरम होती, आणि ढकलणाऱ्या हातावर तिला साबणाची चित्रं उमटलेली दिसली, ती धुतली तरी जाईनात. उपाध्ये म्हणाले, जाहिराती वाढल्या की पाट्या वाढणार आणि मैदान तेवढंच आहे. यात चिडण्यासारखं काय आहे, ते त्यांना खरंच कळत नव्हतं.

त्यात शेजारच्या गावांचे सरपंच उपाध्यांच्या गाडीबाहेर रांग लावून उभे असायचे. आमच्याकडेही एक लीग द्या, आमच्याकडेही एक पोरगी आहे, चांगली उडते. यातल्याच एकाने दोन वर्षांमागे कुंदाला तोंडावर सांगितलं होतं, की पोरींचा व्हॉलीबॉल कोण बघतंय, फुकट दाखवला तरी. आता तो तिला ताई म्हणत होता. मानाने विचारत होता, की पोरगी टिकून राहावी म्हणून तुम्ही तिला खायला काय घालता. कुंदाने त्याच्याकडे पाठ फिरवली. एवढी वर्षं हेच व्हावं म्हणून ती मरमर मेली होती, आणि ते झालं होतं, आणि तिला ते सगळं उचलून नदीत फेकून द्यावंसं वाटत होतं.

शेवटी पाट्या चारी बाजूंनी कुंदापाशी आल्या. चोहीकडे झगझगाट, मध्ये ती, कोपर पसरायलासुद्धा जागा नाही. झेल्याची काठी पाट्यांपलीकडे राहिली. आता पमीला भाकरी पोचणार नव्हती. उघडं राहिलं होतं ते फक्त वर. वर पमीचे बूट होते, आणि तिचा मागे खेचलेला हात आता थरथरत होता.

कुंदाने त्या हाताकडे बघितलं. मग तिला रीतच आठवली. ‘घे’ म्हणते ती लिफ्टर. लिफ्टरची जागा खाली.

“पमे, मला ‘घे’ म्हण.”

पमीला लगेच कळलं. ती म्हणाली, तू स्मॅशर नाहीस, तुझे गुडघे गेलेत, आणि आईला मी काय सांगू. कुंदा म्हणाली, आईला म्हणावं टीव्ही बघत बस. पमी नाही म्हणाली. कुंदाने पुन्हा सांगितलं, आणि या वेळी आवाज चढवून सांगितलं, लहानपणी शाळेत जायला उठवताना चढवायची तसा. मी तुला चेंडू देऊ शकले नाही, म्हणाली, निदान जमीन तरी देऊ दे.

पमीने तोंड फिरवलं. वेणी एकदा इकडून तिकडे गेली.

“घे,” ती म्हणाली.

कुंदाने चेंडूकडे बघितलं नाही. तिने उडी मारली. अर्ध्या वाटेत पमी तिला ओलांडून खाली गेली, तेव्हा तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. जमदाडे पंचांनी हात एकमेकांभोवती फिरवून खेळाडू बदलल्याची खूण केली. पमी खाली गुडघ्यांवर पडली, फरशीवर तळवे टेकून बसली आणि ओक्साबोक्शी रडली. मग उठली, डोळे पुसले, आणि लिफ्टर झाली होती म्हणून तिने दोन्ही हात वर धरले. पाट्या तिच्या दंडांपर्यंत आल्या होत्या.

कुंदाने हात मागे खेचला. इतक्या उंचावरून तिने गाव कधी बघितलं नव्हतं. तिला त्यांच्या घराची कौलं दिसली आणि दारात ओळीने ठेवलेल्या चपला. नदी दिसली. नदीपलीकडच्या गावात एक नेट होतं, भोवती चमकत्या पाट्या होत्या, आणि नेटच्या वर एक पोरगी हवेत होती. तिच्या पलीकडच्या गावात आणखी एक. साखर कारखान्यामागे एक, घाटाखाली एक, आणि पार डोंगरापर्यंत जिथे जिथे मैदान होतं तिथे तिथे एकेक, सगळ्यांचे हात मागे खेचलेले. प्रत्येकीच्या खाली कुणीतरी हात वर धरून उभी होती.

तेवढ्यात सगळ्या मैदानांवर कॅमेऱ्यांचे लाल दिवे एकदम लागले. त्यांच्या घरातून साबणाचं गाणं थांबल्याचं ऐकू आलं, आणि आईचा आवाज आला, की लागलं, लागलं, या सगळ्याजणी.

कुंदाने मान वर केली. ढगांतून चेंडू खाली येत होता. डोंगरापर्यंतच्या सगळ्या पोरींनी माना वर केल्या आणि हात आणखी मागे खेचले.

चेंडू एकच होता.