तांब्याभर पेज

सिस्टर मोनिकाने खुशालच्या दंडाला रक्तदाबाची पट्टी गुंडाळता गुंडाळता विचारलं, सकाळपासून पोटात काही गेलं का.

"खाल्लं काहीच नाही," खुशाल म्हणाला. "तांब्याभर पेज पेलो फक्त."

सिस्टरचा हात थांबला. बेबीबाईला कळेना, त्यात थांबण्यासारखं काय आहे. त्यांच्या गावात, आंबागडात, पेजेला कोणी खाणं म्हणतं का? तापातल्या माणसाला देतात, बाळंतिणीला देतात. पहाटे नवऱ्याने स्वतः मागितली, तिने गाळून दिली, एक शीत म्हणून राहू दिलं नव्हतं.

तपासणी दुर्बिणीची, मोठ्या आतड्याची. शौचातून एकदा रक्त गेलं म्हणून खात्री करायची होती. चार दिवसांपूर्वी डॉक्टरांनी तीन रस्ते सांगितले होते. पूर्ण झोप, त्याला भूल देणारे डॉक्टर वेगळे येतील. नाहीतर गुंगीचं इंजेक्शन, माणूस हाकेला ओ देतो पण मागाहून फारसं आठवत नाही. नाहीतर काहीच नाही, वीसेक मिनिटं पोट फुगून कळा येतात, पुष्कळजण सोसतात. खुशालने तिसरा धरला. त्याचा भाऊ नत्थू हर्नियाच्या ऑपरेशनला भूल घेऊन झोपला तो उठलाच नव्हता. ती गोष्ट वेगळी, असं डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. बेबीबाईने मात्र घरी त्याचं डोकं खाल्लं. नवरा आत कळवळतो आणि आपण बाहेर बाकावर बसायचं, हे तिच्याने होणार नव्हतं. शेवटी एकदाचा तो झोपेला "बरं" म्हणाला.

आता डॉक्टर म्हणाले, पोटात पेज असताना झोप नाही आणि गुंगीही नाही, उलटी होऊन श्वासात जायची भीती असते. पुढच्या मंगळवारी या, किंवा आज तसंच करू.

"आजच करा," खुशाल म्हणाला. जरा घाईनेच म्हणाला.

बेबीबाईचे डोळे भरून आले. चार दिवस भांडून मिळवलेलं आपल्याच हाताने घालवलं. सिस्टरच्या मागे दारापर्यंत जाऊन ती म्हणाली, मी अडाणी बाई, मला माफ करा.

"मावशी, तुमची काय चूक?" मोनिका म्हणाली. "काकांनी परवा फोन करून मुद्दाम विचारलं होतं, पेज चालते का. मी दोनदा नाही म्हटलं."

बेबीबाईने पदराने तोंड पुसलं.

"इसरले असतीन," ती म्हणाली.

मग डॉक्टरांना विचारून ती त्याच्या उशाशी जाऊन उभी राहिली. त्याने तिची बोटं इतकी आवळली की पांढरी पडली. पण तोंडातून हूं की चूं नाही. आतडं अगदी साफ निघालं.

तुमसरच्या बसमध्ये बसेपर्यंत तिने राग गिळला.

"एवढं भेव वाटत होतं तं मले सांगाचं ना."

"सांगतलं असतं तं तू बी भेली असती," खुशाल म्हणाला आणि मान मागे टाकून त्याने डोळे मिटले.

मी कायले भिऊ, असं ती पुटपुटली. वरठी मागे पडलं. त्याचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं, मान बसबरोबर डुलत होती. बेबीबाईने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच त्याच्या नाकाखाली तळहात धरला. थोड्या वेळाने पुन्हा धरला.

"जागाच आहो मी," डोळे न उघडता तो म्हणाला.