माहेरची पांढरी माती

१९९४ साली ही गोष्ट घडली. आरल समुद्र मागे हटला होता आणि काठच्या काराकल्पाक लोकांच्या त्या गावातलं पाणी इतकं खारट झालं होतं की नुसतं पाणी कोणी पीतच नसे. तहान लागली की दुधाचा चहा, जेवलं की चहा. तो ओतायचं काम सुनेचं.

सरबिनाज सून होऊन दीड वर्ष झालं होतं. सासरच्यांनी मानानं नेल्याशिवाय माहेरी पाऊल टाकायचं नाही, ही रीत. आणि ते नेणं लांबतच चाललं होतं. आता दिवस जाऊन पाचवा महिना लागला, तेव्हा कापूस वेचणीआधी न्यायचं ठरलं. आईनं लग्नात नदीकाठच्या पांढऱ्या मातीची पुरचुंडी दिली होती. सरबिनाज चोरून त्यातलं ढेकूळ चोखी. जिभेवर माती विरघळली की वाळवंटातल्या त्या घरात नदी यायची.

दवाखान्यातल्या नर्स पेरुझा आपानं बोटाला सुई टोचली आणि भुवया चढवल्या. "हिमोग्लोबिन लिटरला चौऱ्याऐंशी ग्रॅम. एकशेदहा हवं. सत्तरच्या खाली गेलीस तर शहरातलं इस्पितळ. शंभरच्या वर आलीस तर माहेर. तोवर ट्रकमधून सहा तास हादरे खायचे नाहीत."

सासू ओराझगुल फणकारली, "फिकट कुठे आहे? आमच्या गावच्या सगळ्या सुना अशाच गोऱ्या."

"गोऱ्या नाहीत, एने," आपा म्हातारीला 'आई' अशी हाक मारत म्हणाली, "रक्त कमी आहे सगळ्यांचं. मांस पुरुषांच्या ताटात, बाळंतपणं पाठोपाठ, कुणाच्या पोटात जंत. बोट द्या तुमचं."

सासूचं ब्याण्णव निघालं.

"मग मीही गरोदर म्हणायची का?" म्हातारीनं विचारलं. दवाखाना हसला.

सरबिनाजनं लोहाच्या गोळ्या महिनाभर एकही न चुकवता घेतल्या. पुन्हा रक्त पाहिलं, तर ब्याऐंशी.

"गोळी कशाबरोबर घेतेस?"

"चहाबरोबर. दुसरं काय असतं?"

आपानं कपाळाला हात लावला. "चहा सगळं लोह बांधून ठेवतो गं. आणि ओठाला हे पांढरं काय? माती? तीही तेच करते."

घरी आल्यावर सरबिनाज पुरचुंडी मांडीवर घेऊन बसली. माहेरी जायचं तर माहेरच तोंडातून काढायचं. शेवटी तिनं ती सासूच्या हाती दिली. म्हातारीनं पेटीत कुलूपबंद केली. त्या दिवसापासून उकळून निववलेल्या खारट पाण्याबरोबरच गोळी आणि चहा जेवणानंतर तासाभरानं. आपल्या ताटातला मांसाचा तुकडाही सासू गुपचूप सुनेकडे सरकवी.

सातव्या महिन्यात आकडा आला एकशेएक.

माहेरी आई वेशीवरच उभी होती. गळाभेट झाल्यावर तिनं शालीआडून ओलं, ताजं ढेकूळ काढलं. सरबिनाजनं ते नाकाशी धरलं, डोळे मिटून हुंगलं आणि नदीत सोडून दिलं.

मुलगी झाली, धट्टीकट्टी; आज ती स्वतः नर्स आहे. पेरुझा आपा पुढे लेकाकडे कझाकस्तानात गेली. तिकडून पत्रात पहिली चौकशी गावच्या आकड्यांची असे. ओराझगुल शेवटपर्यंत जेवणानंतर तासभर थांबूनच चहा पीत राहिली. सरबिनाजची आई २००३ मध्ये गेली, आणि नदी तिच्याआधीच माहेरच्या गावापर्यंत यायची थांबली. तो काठ आता मिठानं पांढरा आहे.

सरबिनाज आजी झाली आहे. अंगणात पाणी शिंपडलं की तिच्या तोंडाला अजून पाणी सुटतं.